रविवारी येऊन आठवड्याची तयारी करून देणाऱ्या ताई

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, टाके वेळेवर निघाले. पण दीड महिन्यानं त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या मांड्या पाहून माझ्या पोटात गोळा आला. मी नर्स आहे, बावीस वर्षं वॉर्डात काढली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं मांस किती झपाट्यानं उतरतं हे मी रोज पाहते. तरी रोज आपल्या घरात, आपल्या हातचं जेवणाऱ्या माणसाचं तसं व्हावं, हे मला फार लागलं.

त्यानंतरच्या शोधात या ताई सापडल्या. दर रविवारी घरी येऊन त्या आठवड्याभराची तयारी करून देतात. डिसेंबरपासून जुलैपर्यंत, आठ महिने. म्हणजे नागपूरचा हिवाळा, नागपूरचा मे आणि आता पावसाळा, तिन्ही ऋतूंत त्यांचं काम पाहिलं. म्हणून आता ठामपणे लिहिता येतं. डब्बा लावावा, बाई ठेवावी की आपणच सुटीच्या दिवशी राबावं, या विचारात असलेल्या घरांना याचा उपयोग व्हावा.

आधी गरज काय होती ते सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ७४ वर्षांच्या, वजन ५२ किलो, पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरलं आहे. वय झालेल्या आणि दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला त्याहून जास्त लागतं. आईंची क्रिएटिनिनची तपासणी झाली, मूत्रपिंडं ठीक निघाली, मग आहारतज्ज्ञांनी ५५ ते ६० ग्रॅमचा आकडा दिला. हे एका जेवणात कोंबायचं नाही, दिवसभरात सारखं वाटून द्यायचं.

मी तीन दिवस आईंचं खाणं एका कॅलेंडरच्या मागे लिहून काढलं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दीड पोळी, भाजी, वरण-भात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री थोडा भात किंवा दूध-पोळी. बेरीज तिशीच्या आसपास आली. मला धक्का बसला तो वरणाचा. आपण म्हणतो, रोज वरण खाते ना, मग प्रोटीन मिळतंच. शंभर ग्रॅम तूरडाळीत २१-२२ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं. पण आमच्या घरच्या पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम पडत होती. म्हणजे पाच ग्रॅम. बाकी सगळं पाणी, हळद आणि तुपाचा वास.

घरात आम्ही चौघं. यांना साखरेचा त्रास आहे, मुलगा एकोणीस वर्षांचा आणि रोज जिमला जाणारा, आई, आणि मी, जिची ड्युटी एका आठवड्यात सकाळची, दुसऱ्यात दुपारची आणि तिसऱ्यात रात्रीची. नाईट करून आलेल्या बाईनं सकाळी साडेआठला डाळ भिजत घालायची आणि अकराला धिरडी टाकायची, हे मी पंधरा दिवस केलं. मग अंगावर काढणं बंद केलं.

सुरुवातीला एक डब्बा लावला होता. ‘हाय-प्रोटीन थाळी, ३० ग्रॅम’ असं त्यांच्या कागदावर होतं. नाव घेत नाही. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं वेगवेगळं मोजलं. पनीर ४५ ग्रॅम निघालं, म्हणजे आठेक ग्रॅम प्रोटीन. डाळ आमच्यासारखीच पातळ. भात मात्र भरपूर. कितीही ओढूनताणून हिशेब केला तरी १७ च्या वर जाईना. आणि रस्सा इतका तिखट की आईंनी नुसती पोळी दुधात कुस्करून खाल्ली. ज्यांच्यासाठी लावला त्यांच्याच ताटात काही पडत नव्हतं. तीन आठवड्यांत बंद केला.

ताईंचं नाव माझ्याबरोबरच्या एका सिस्टरनं सुचवलं. त्यांनी बरीच वर्षं एका मुलींच्या मेसमध्ये आणि मग लग्नाच्या जेवणावळींत काम केलं आहे. पहिल्या भेटीला आल्या तेव्हा मला वाटलं, काय काय येतं ते सांगतील. त्यांनी आल्या आल्या विचारलं, “सिस्टर, आधी फ्रीज दाखवा.” दार उघडून खालच्या कप्प्यात तळहात ठेवला, फ्रीझरमधला बर्फ बोटानं दाबून पाहिला, पसरट भांडी किती आहेत ते मोजलं. मग म्हणाल्या, “आईले काय रुचते ते सांगा. ग्रॅम तुमचे तुम्ही पाहा.”

तेव्हाच मला बरं वाटलं. आठ महिन्यांनंतरही तीच वाटणी चालू आहे. आकडे माझे, चव आणि भांडी त्यांची. त्या ग्रॅममध्ये मोजत नाहीत, वाटीनं मोजतात. त्यांची ती ठरलेली वाटी मी एकदा काट्यावर ठेवली, तूरडाळ १३० ग्रॅम भरली. तेव्हापासून मी ‘अडीच वाट्या’ लिहिते आणि माझा हिशेब बरोबर येतो.

गुरुवारी रात्री त्यांची यादी व्हॉट्सअॅपवर येते. डाळी-कडधान्यं आम्ही महिन्यातून एकदा इतवारीतून आणतो, भाजी शनिवारी सक्करदऱ्याहून, अंड्यांचा तीसचा ट्रे गल्लीतूनच. शनिवारचं काम माझ्याकडे: अर्धा किलो काळे चणे भिजवायचे, आदल्या दिवशी भिजवलेले मूग उपसून फडक्यात बांधायचे, गोळ्यांसाठी हरभरा डाळ आणि थोडी तूरडाळ भिजत घालायची, दही चक्क्यासाठी टांगायचं (उन्हाळ्यात फ्रीजमध्येच, गाळणीवर फडकं ठेवून), आणि दोन मोठ्या गंजांत पाणी भरून बर्फाला ठेवायचं. बर्फ कशाला ते पुढे येईल. यातलं एक जरी राहिलं तर रविवार कोलमडतो. ताईंना कितीही येत असलं तरी न भिजलेला चणा त्या शिजवू शकत नाहीत.

रविवारी साडेसातला त्या येतात, बाराला निघतात. आमच्याकडे तीन बर्नरची शेगडी. मोठ्या कुकरात चणे, छोट्यात तूरडाळ, तिसऱ्यावर अंडी. चणे त्या बोअरच्या पाण्यात शिजवत नाहीत. मानेवाड्याकडचं आमचं बोअरचं पाणी जड आहे, त्यात कडधान्य लवकर मऊ होत नाही. माझे चणे इतकी वर्षं टणक का राहायचे ते मला या वयात कळलं. आता पिण्याचं पाणी वापरतो आणि चणा बोटानं दाबला की चिरडतो. आईंच्या दाढा नाहीत, त्यांच्यासाठी एवढा एक फरक महत्त्वाचा ठरला. चिंच किंवा टोमॅटो शिजण्याआधी अजिबात घालत नाहीत, आंबट लागलं की दाणा आखडतो.

कुकर उतरले की दोन लिटर दूध चढतं. लिंबू पिळून पनीर, फडक्यात बांधून वर लोखंडी खलबत्ता. पनीरचं पाणी फेकत नाहीत, त्यातच दोन दिवसांची कणीक भिजवतात. सोयावडी मिठाच्या पाण्यात उकळून, नळाखाली तीनदा पिळून, मिक्सरला एकच गचका देऊन कोरडी परततात. विदर्भात सोयाबीन पिकतं इतकं, पण आमच्या घरी सोयावडीला कोणी हात लावत नव्हतं, कारण तिचा वास. तो वास त्या तीन पिळण्यांत जातो. पन्नास ग्रॅम कोरड्या वडीत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि पैशांच्या मानानं तिच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. शुक्रवारी तिचा झुणका होतो, भरपूर कांदा आणि थोडं बेसन भुरभुरवून. हे आता तो झुणका मागून घेतात.

आता बर्फ. माझ्या दृष्टीनं या ताईंच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि कोणी बॅच कुकिंगबद्दल, म्हणजे एकदाच शिजवून बरेच दिवस पुरवण्याबद्दल, विचारलं तर मी आधी हेच सांगते. त्या स्वयंपाक चांगला करतात, पण तसा करणाऱ्या बऱ्याच आहेत. त्या अन्न गार फार चांगलं करतात. शिजलेली उसळ मोठ्या परातीत बोटभर जाडीची पसरायची, परात बर्फाच्या पाण्याच्या टोपावर ठेवायची, वर पंखा, आणि दर दोन-चार मिनिटांनी उलथनं फिरवायचं. घट्ट वरणाचंही तसंच. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ पूर्ण जाते. मग उथळ स्टीलच्या डब्यांत भरून, झाकण न लावता फ्रीजमध्ये, आणि आतून गार झालं की झाकण. “गरम डब्याले झाकण घातलं तं आतल्या आत घाम येते न् उसळ आंबते,” असं त्या मला पहिल्याच रविवारी म्हणाल्या.

हे त्या मेसमध्ये शिकल्या, मी वॉर्डात शिकले, पण गोष्ट एकच आहे. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या खाली आणि ५ अंशांच्या वर जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. दोन तासांच्या आत ते थंडीत गेलंच पाहिजे, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. मे महिन्यात आमच्या ओट्यापाशी मी तापमापक ठेवला होता, सकाळी दहालाच ३८ दाखवत होता. अशा स्वयंपाकघरात कुकर झाकून ‘निवू द्या जरा’ म्हणून दुपारपर्यंत ठेवणं म्हणजे स्वतःहून दुखणं बोलावणं. एवढी मोठी पातेली निववायला घरातल्या माणसाला ना वेळ असतो ना धीर. मी पैसे देते ते मुख्यतः या पाऊण तासाचे.

भात त्या करून ठेवत नाहीत, कितीही म्हटलं तरी. तांदळात एक जंतू असा असतो की त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा जोर धरतात. भात रोज ताजा लावायचा, वीस मिनिटांचं काम आहे. पालेभाजीही नाही. फक्त निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि मंगळवारच्या आत संपवायला सांगतात.

दुसरी गोष्ट फोडणीची. पहिल्या रविवारी बाराला मी ओट्यावर पाहिलं तर एकही तयार भाजी नव्हती. घट्ट वरणाचे गोळे, बिनमसाल्याचे चणे, वाफवलेले मूग, कोरडा सोया, पनीर, चक्का, उकडलेली अंडी सालासकट, धिरड्याचं पीठ. मला वाटलं, हजार रुपये देऊन अर्धवट काम. त्यांनी शांतपणे सांगितलं, “फोडणी त्या दिवशीची त्या दिवशी द्याची. आज दिली तं गुरुवारी तुम्हीच तोंड फिरवान.”

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. तेच चणे सोमवारी यांना आणि मुलाला काळ्या मसाल्याच्या, खसखस-दगडफुलाच्या सावजी वळणाच्या रश्श्यात मिळतात, आईंना कुस्करून, जिरं-आलं घालून तव्यावरच्या टिकीत. मंगळवारी वरणाच्या एका गोळ्यात पाणी घालून साधं वरण, दुसऱ्यात चाकवत. मला ड्युटीवरून आल्यावर फक्त फोडणी द्यायची असते, दहा मिनिटं. घरात फोडणीचा ताजा वास येतो आणि कोणालाही रविवारचं खातोय असं वाटत नाही. सगळं आयतं करून ठेवणाऱ्या एका बाईंकडून माझ्या नणंदेनं असंच काम करून घेतलं होतं. बुधवारपासून घरातले बाहेरून मागवायला लागले. चव मेली की प्रोटीन कितीही असो, माणूस खात नाही.

वाफवलेल्या डाळीच्या गोळ्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या घराला खरं तारलं ते त्यांनी. गोळाभात आणि कढीगोळे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होतात, पण आम्ही ते सणासुदीचं समजत होतो. ताई भिजलेली डाळ जाडीभरडी वाटतात, त्यात आलं, मिरची, ओवा, हळद, बारीक चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर. पंधरा मिनिटं वाफवतात. तळत नाहीत. चाळीसेक गोळे होतात. आधी ताटलीत सुटे सुटे गोठवायचे, मग पिशवीत भरायचे, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. हवे तेव्हा चार-पाच काढून उकळत्या कढीत सोडा, किंवा भाताला वाफ येत असताना वर ठेवा. आई लहानपणी त्यांच्या आईच्या हातचे गोळे खायच्या. पहिल्या बुधवारी त्यांनी दोनदा कढी मागितली. ऑपरेशननंतर त्यांनी काही मागून घेतलं ते पहिल्यांदाच.

आईंचा आताचा दिवस असा असतो. सकाळी मूगडाळीची दोन धिरडी आणि दोन चमचे चक्का, १६ ग्रॅमच्या आसपास. दुपारी घट्ट वरण, दीड पोळी, मऊ उसळ किंवा टिकी, पुन्हा १६. पाचला कपभर दुधात फुटाण्याचं पीठ, १०. रात्री कढीगोळे आणि थोडा भात, १५. बेरीज ५७. यात कुठेही डब्यातली पावडर नाही, बदाम-अक्रोडांचा खर्च नाही, आणि आईंना अनोळखी वाटेल असं काही नाही. डाळीबरोबर पोळी किंवा भात असायलाच हवा, कारण डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते धान्यात असतं आणि धान्यात कमी असतं ते डाळीत. वरण-भाताची जोडी बरोबरच होती, आम्ही फक्त वरण पातळ करत गेलो.

एकादशीचा प्रश्न होता. आईंची एकादशी सुटत नाही आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच. ताईंनी आपणहून भगर, दाण्याची घट्ट आमटी आणि चक्का असं सुचवलं, शेजारी जिरं लावून परतलेलं पनीर. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला चोवीस-पंचवीस ग्रॅम असतं. त्या दिवशीही आई पन्नाशी गाठतात.

मुलाला पावडरचा डब्बा हवा होता, तीन हजारांचा. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली काढलेल्या आहाराच्या मार्गदर्शनात अशा पूरक पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. मी ते पान त्याच्यासमोर ठेवलं आणि त्याचं ताट मोजून दाखवलं. चार अंडी म्हणजे २४-२५ ग्रॅम, दीडशे ग्रॅम कोंबडी म्हणजे तीसेक, शिवाय चणे, सोया, दूध. त्याला जेवढं हवं होतं त्याहून जास्तच निघालं. त्याच्यासाठी ताई एक किलो कोंबडी दही, हळद आणि आलं-लसणात मुरवून, कच्चीच, दोन पिशव्यांत सपाट करून गोठवतात. सपाट असल्यामुळे लवकर सुटते. आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढायची जबाबदारी त्याची. ओट्यावर ठेवून सोडवायची नाही आणि एकदा सुटलेली पुन्हा गोठवायची नाही, एवढं त्यानं पाळलं आहे.

पोषणाचं हे सगळं जमून आलं, आणि मग मे आला.

एका मंगळवारी संध्याकाळी सातला लाइट गेली. मी ड्युटीवर. मुलाला फोन करून सांगितलं, फ्रीजचं दार उघडू नको. बंद फ्रीज चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीझर त्याहून कितीतरी जास्त. लाइट आली ती रात्री एकला. तोवर आतला तापमापक १३ वर गेला होता. वरण, उसळ, चक्का, पनीर, सगळं टाकावं लागलं. यांना ते सहन होईना. वास येत नव्हता, दिसायला चांगलं होतं. पण बिघडलेल्या अन्नाला प्रत्येक वेळी वास येतोच असं नाही, आणि घरात ७४ वर्षांचं माणूस आहे. गोळे आणि कोंबडी दगडासारखी टणक होती, ती ठेवली.

पुढच्या रविवारी मी ताईंना हे सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी पद्धत बदलली. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये फक्त सोमवार-मंगळवारचं, बाकी सगळं छोट्या डब्यांत फ्रीझरला. एरवी बुधवारपर्यंतचं खाली असतं. शिजलेलं तीन-चार दिवसांपेक्षा जास्त खाली ठेवू नये हे तर आहेच. डब्यांवर पट्टी चिकटवून वार आणि तारीख. सोबत बर्फाच्या चार बाटल्या फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत. यासाठी त्यांनी एक रुपया जास्त मागितला नाही, कपाळावर आठी आणली नाही. मला ही सेवा मनापासून आवडण्याचं हे मोठं कारण आहे. चूक त्यांची नव्हती, तरी उपाय त्यांनी शोधला.

तक्रारीही आहेत. भांडी फार पडतात. कुकर, परात आणि सुऱ्या त्या धुतात, बाकी पंचवीस-तीस भांडी आमच्या गळ्यात. दुसरं, लग्नसराईत त्या जेवणावळींच्या कामाला जातात. एप्रिल-मेमध्ये तीन रविवार आल्या नाहीत. आठवडाभर आधी सांगितलं, त्यांचं पोट त्यावर आहे, मी समजू शकते. पण त्या तीन आठवड्यांत आईंचा प्रोटीनचा आकडा चाळिशीवर घसरला. यावर उपाय म्हणून आता गोळे दुप्पट करून ठेवतो. तिसरं, मीठ. यांच्या रक्तदाबासाठी कमी हवं असं चार वेळा सांगावं लागलं. मेसचा हात आहे, सुटायला वेळ लागला. मासे त्या करत नाहीत. आणि धिरड्याचं पीठ त्या आठवडाभराचं करायला तयार असतात, पण तिसऱ्या दिवशी ते आंबतं, मी आता दोन दिवसांचंच सांगते.

शुक्रवार थोडा रखरखीत जातो हेही खरं. ताजी भाजी संपलेली, फ्रीझरमधलं काढायचं. हिवाळ्यात हे जाणवलं नाही, कारण तेव्हा तुरीचे ओले दाणे, पोपटाच्या शेंगा, हिरवा हरभरा असं रोज काहीतरी मिळत होतं आणि ताई सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी त्यातच बसवत होत्या. डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करणाऱ्याला हे काम सोपं वाटेल. उन्हाळ्यात खरी परीक्षा.

पैसे. एका रविवारचे हजार रुपये, साडेचार तासांचे. महिन्याचे चार ते पाच हजार. किराणा आमचा, तो महिन्याला दीड हजारानं वाढला. आधीचा डब्बा फक्त दोघांसाठी नऊ हजारांना पडत होता. एकट्या राहणाऱ्या माणसाला मात्र हे परवडणार नाही असं मला वाटतं. त्यानं दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एका स्वयंपाकघरात करून घ्यावं, ताई तशा तयार असतात. ज्यांच्याकडे छोटा, एका दाराचा फ्रीज आहे त्यांनी आठवड्याचं नको, तीन दिवसांचंच करून घ्यावं.

आईंचं वजन ५२ वरून साडेचौपन्न झालं. पोटरीचा घेर मी टेपनं मोजते, डिसेंबरात २७ सेंटीमीटर होता, आता २९ आहे. ३१ च्या खाली स्नायू कमी असल्याची खूण मानतात, म्हणजे अजून वाट बाकी आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा यात अर्धा वाटा आहे, नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत. जूनमध्ये आई वॉकर सोडून काठीवर आल्या. गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत रोज संध्याकाळी जातात, परत येऊन फुटाण्याचं पीठ घातलेलं दूध घेतात.

ताईंचे रविवार आता भरले आहेत. गुरुवारची सकाळ रिकामी आहे असं त्या म्हणाल्या, आणि दक्षिण नागपुरातलं घर असेल तरच येतात, सायकलनं फिरतात म्हणून. बोलावलंत तर पहिल्या दिवशी त्या फ्रीज उघडून पाहतील. खालचा कप्पा रिकामा करून ठेवा, आणि दोन गंज पाणी आदल्या रात्री बर्फाला लावा.